पहिल्या हाकेला

पहिली किंकाळी आली तेव्हा दुर्वा माझ्या अंगावर पीत होती. तिनं पिणं थांबवलं. मी तिचं डोकं छातीशी दाबलं, जॅकेटची चेन वर ओढली आणि तिच्या कानावर हात ठेवला.

"काही नाही गं," मी म्हटलं. "पक्षी असेल कुठलातरी."

पक्षी नव्हता. घोड्याच्या खिंकाळण्यासारखी ती किंकाळी खालून सुरू झाली, मग कुणी वेडं माणूस हसावं तशी तुटत तुटत वर चढली, आणि इतकी वर गेली की माणसाचं नरडं तिथवर पोचेल असं मला वाटेना. तिथंच एकदम संपली. मग पुन्हा नुसतं धुकं. माझ्या पायातले बूट मला दिसत होते, मांडीवरची लेक दिसत होती आणि हाताच्या अंतरावर एका झाडाचं बुड. त्यापलीकडे जग होतं की नाही, कोण जाणे.

दुर्वा तेव्हा सात महिन्यांची होती. आता ती मलाच शब्द दुरुस्त करून सांगते. तिचा धाकटा भाऊ दुपारचा निजलाय तेवढ्यात हे लिहिते आहे.

कौस्तुभच्या पुण्यातल्या कारखान्यानं त्याला दीड वर्षासाठी तिकडे पाठवलं होतं, मोठ्या मशिनी जिथं बनतात तिथं. स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखात, गिपुस्कोआ नावाच्या जिल्ह्यात. विमानात मी त्याला विचारलं होतं,

"म्हणजे स्पेनच ना?"

"नकाशात स्पेन. पण तिथं असं म्हणू नकोस. पोलीस यांचे, शाळा यांच्या, दवाखाने यांचे, कर हेच गोळा करतात, पार्लमेंटसुद्धा यांचं यांचं. भाषा तर अशी की जगात तिला बहीण नाही."

"मग संस्थानच की. सावंतवाडीसारखं."

"संस्थान. फक्त राजा नाही."

"आणि खालसा नाही झालं?"

"करून बघितलं लोकांनी. तू तिथं कुणाला हे विचारत बसू नकोस म्हणजे झालं."

घर मिळालं ते गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर. जाड दगडी भिंतींचं शेतघर, मालक शहरात, वरचा मजला आमच्याकडे. तिथं घरांना नावं असतात आणि माणसं घराच्या नावानं ओळखली जातात. आमच्या घराचं नाव लिसारेता. भाडेकरू असलो तरी आम्ही सगळ्या डोंगराला लिसारेताचेच. दाराचे आडवे दोन भाग होते; वरचा उघडायचा, खालचा बंद ठेवायचा, म्हणजे उजेड येतो आणि कोंबड्या येत नाहीत. दारावर एक वाळलेलं, काटेरी, ताटलीएवढं फूल खिळ्यानं ठोकलेलं होतं.

"हे काय?"

"त्यांची लिंबू-मिरची," कौस्तुभ म्हणाला. "रात्री डोंगरावरून काहीबाही येतं म्हणे. त्याला घरात येऊ देत नाही."

"काय येतं?"

"मी मशिनींचा माणूस आहे बाई."

कोंबड्या यायच्या नाहीत, पण एर्रामुनी यायची. खालचं उर्किया नावाचं घर तिचं. सत्तरी ओलांडलेली, आखूड पांढरे केस, पायात रबरी बूट, तळवे खरवडून काढल्यासारखे. रोज सकाळी ती दाराच्या खालच्या भागावरून हात घालून कडी काढायची, वर यायची, आणि न विचारता दुर्वाला उचलायची. आधी तळपाय चाचपायची, मग मान. मग आमच्या पातेल्यात डोकावायची. मग माझ्याकडे वळून तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलायची. मी मान डोलवायची. ती जायची.

"इन्स्पेक्टर येऊन गेली का?" संध्याकाळी कौस्तुभ विचारायचा.

"तुला हसू येतंय. मी पाजत असते, अंगावर धड कपडे नसतात आणि ही समोर उभी."

"आतून कुलूप घाल मग."

"काय म्हणेल?"

"जे म्हणेल ते तुला कुठं कळणार आहे?"

मला त्या बाईची भीती वाटायची. ती माझ्या लेकीकडे ज्या नजरेनं बघायची ती मला ओळखता यायची नाही. आमच्या देवरुखकडे अशा नजरेला लगेच मीठ-मोहरी ओवाळतात. मी एकदा ओवाळलीही. कौस्तुभला वास आला, त्यानं फक्त खिडकी उघडली.

त्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. नोव्हेंबर असून ऊन. दुर्वाला दात येत होते आणि ती फक्त छातीशी बांधून चालत राहिलं तरच झोपायची. सगळ्यांनाच सर्दी झाली होती. माझा घसा तर आठवडाभर बसलेला. जेवण झाल्यावर मी तिला झोळीत घेतलं आणि मागच्या पायवाटेनं वर निघाले, बीच नावाच्या उंच झाडांच्या रानाकडे. पायवाट सोडायची नाही एवढं मला माहीत होतं. कौस्तुभच्या ऑफिसातली गारासी पहिल्याच आठवड्यात इंग्रजीत बजावून गेली होती, "वर सगळी चुनखडी आहे. जमिनीला भोकं आहेत, खोल, वर गवत आणि नेचे वाढलेले. मेंढी जाते, आवाजसुद्धा येत नाही."

मी पायवाट सोडणार नव्हतेच.

धुकं समुद्राकडून आलं. आधी खालची दरी गेली, मग आमचं छप्पर, मग मी मागं वळून बघेपर्यंत पायवाटच कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्यासारखी झाली. फोनला रेंज नव्हती. मी थांबले. थांबायचं तेवढं शहाणपण होतं. आणि मग घंटा ऐकू आली.

आमच्याकडे दिवस कलला की गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागतात, आणि वाजायला लागल्या म्हणजे गुरं घराकडे वळलेली असतात. रानात वाट चुकलं तर घंटेमागून जावं, गोठा येतोच. लहानपणापासून पायांत भिनलेलं ते. मी विचार केलाच नाही. घंटेमागून चालत गेले.

"बघ, गाई घरी निघाल्या," मी दुर्वाला म्हटलं. "आपणही त्यांच्याबरोबर जाऊ हं."

बरंच चालल्यावर धुक्यातून एक भलं मोठं डोकं माझ्या तोंडासमोर आलं. घोडी. गळ्यात घंटा. तिनं माझ्या तोंडावर श्वास सोडला आणि पुन्हा शांतपणे गवतात तोंड घातलं. तिच्यामागे आणखी दोन. ती कुठंच जात नव्हती. नंतर मला कळलं की तिथले घोडे कधी घरी जातच नाहीत, बर्फ पडेपर्यंत डोंगरावरच असतात.

मी परत फिरले. एका बीचच्या झाडापाशी आले. कोळसा पाडायला पूर्वी त्या झाडांच्या फांद्या माणसाच्या उंचीवर छाटायचे, आणि पुढं त्या सरळ वर वाढायच्या. झाड म्हणजे दोन्ही हात वर करून उभं राहिलेलं माणूस. या झाडाला तीन हात होते, एक मोडलेला. मी उजवीकडे चालले. थोड्या वेळानं पुन्हा तेच झाड. मोडका हात. डावीकडे चालले. पुन्हा तेच.

चकवा, मी मनात म्हटलं. एम.एस्‌सी. झालेली मी, पण म्हटलं. चकवा लागला की बसून राहावं म्हणतात. मी बसले, लेकीला पदराशी घेतलं. म्हणजे जॅकेटखाली घेतलं. आणि तेव्हा ती किंकाळी आली.

दुसरी आली ती जवळून.

आता मला सांगायचं आहे की मी ओरडले का नाही. रानात हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे पोराला चालायला लागल्यापासून सांगतात. माणूस असेल तर नाव घेऊन तीनदा हाक मारेल. दुसरं काही असेल तर नुसतंच ओरडेल, आणि तुम्ही ओ दिलीत की तुमचा ठावठिकाणा त्याला लागतो. हे मी कधी खरं मानलं नव्हतं. पण मानण्याचा प्रश्न पुण्याच्या फ्लॅटमध्ये असतो. तिथं त्या झाडाखाली माझे ओठ आपोआप मिटले.

मग तिसरी. दुसऱ्या बाजूनं, वेगळ्या गळ्यातून, जाडसर.

दोघं होते. मला घेरत होते.

"शू, शू, पी गं माझी बाय, पी," मी दुर्वाच्या टाळूवर ओठ टेकवून म्हणत होते. तिनं आवाज करू नये एवढंच मला हवं होतं. मी उठले आणि किंकाळ्यांच्या उलट दिशेला निघाले. चालले नाही, पळाले. एक हात तिच्या डोक्याखाली, एक पुढं पसरलेला.

उजवा पाय नेच्यांवर पडला आणि खाली काही लागलंच नाही.

मी मागं पडले. पाठीवर पडले म्हणून वाचलो आम्ही. पायाखालचे दगड सुटले. ते आदळल्याचा आवाज यायची मी वाट बघत राहिले. आला, पण इतका उशिरा आणि इतका बारीक, की तो दगडांचाच होता का हेही मला कळलं नाही. त्या भोकातून थंड वारा वर येत होता. फ्रिजचं दार उघडावं तसा.

मी खुरडत मागं सरकले, एका झुडपाचा बुंधा पकडला आणि ठरवलं की आता हलायचं नाही. पुढं भोक, मागं किंकाळ्या. कपडे पाठीकडून पार भिजले होते. दुर्वाचे पाय झोळीबाहेर लोंबत होते आणि एक मोजा कुठंतरी पडला होता. तो पाय मी मुठीत धरला. तळपाय दगडासारखा.

"दुर्वू. ए दुर्वू. डोळे उघड ना."

तिनं डोळे उघडले, आणि पुन्हा मिटले. एरवी नुसता भातुकलीचा चमचा पडला तरी जागी होणारी माझी पोर. पडताना ती रडली नव्हती. पिणंही सोडलं होतं. झोपतेय, मी स्वतःला सांगितलं, दमली म्हणून झोपतेय. मग तिच्या ओठांकडे बघितलं आणि सांगणं बंद केलं.

किंकाळी पुन्हा आली. लांबून. जाडसर आवाज तर बंदच झाला होता. ती लांब जात होती. सुटलो, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझ्या मुठीत तो गार पाय होता आणि माझ्याखेरीज त्या डोंगरावर आवाज करणारं जे एकच काही होतं ते निघून चाललं होतं.

मी कान देऊन ऐकलं. किंकाळी चढली, तुटली, संपली. आणि संपल्यावर काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. पुन्हा तसाच वेळ काही नाही.

ते थांबत होतं.

प्रत्येक वेळी ओरडून झाल्यावर ते थांबत होतं. ज्याला शिकार हवी असते ते असं मध्ये मध्ये थांबत नाही. आमच्याकडे पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या शेतातल्या माणसाला कुकारा घालतात, तेव्हा कू करून झालं की असंच थांबतात, मान तिरकी करून. पलीकडून काही येतंय का ते ऐकायला.

मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं. बसलेल्या घशातून फाटक्या फुग्यातून हवा जावी तसं काहीतरी निघालं आणि पुढच्याच नेच्यांत विरलं. पुन्हा प्रयत्न केला. खोकला आला. तिकडे किंकाळी आणखी लांब, आणखी पातळ झाली होती.

माझ्याकडे आवाज नव्हता. पण आवाज होता, माझ्या मांडीवर होता, आणि मीच तो इतका वेळ दाबून ठेवला होता.

मी झोळी सोडली. तिच्या अंगावरची शाल काढली. त्या गारठ्यात मी माझ्या लेकीच्या अंगावरची शाल काढली, पायजमा वर सारला आणि मांडीला चिमटा काढला.

ती दचकली. डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली. खालचा ओठ जरासा पुढं आला. पण ती रडली नाही. आईनं केलंय म्हणजे काहीतरी बरोबरच असेल, असं ती माझ्याकडे बघत होती, आणि बघता बघता पुन्हा पापण्या मिटायला लागल्या.

मग मी नखं रोवली. पिळलं.

असं रडणं मी त्याआधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. बारीक, उंच, धारदार. धुकं चिरत गेलं ते. मी तिला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, जत्रेत पोराला देव दाखवतात तसं, आणि मीही रडत म्हणत राहिले, "रड, बाळा, रड, आणखी रड."

किंकाळी आली नाही. ते थांबलेलं होतं, ऐकत होतं.

मग आली. फाटकी, मध्येच तुटणारी, पण आमच्याकडे वळलेली. दुर्वाचं रडणं जरा ओसरलं की ती यायची, दुर्वा तिला घाबरून पुन्हा रडायची, आणि ती आणखी जवळ यायची. शेवटी धुक्यातून एक काठी बाहेर आली. ती पुढची जमीन ठोकून बघत होती. काठीमागे रबरी बूट. बुटांच्या वर एर्रामुनी.

मला तिच्याकडे बघून आधी काही कळलंच नाही. ती काळी हडळ आहे अशीच माझी दोन क्षण खात्री होती. तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तिनं हात पुढं केले. मी दुर्वाला तिच्या हातात दिलं. तिनं आधी तळपाय चाचपले, मग मान. आणि सरळ स्वेटरची बटणं काढून पोरीला आत घेतलं, उघड्या पोटाशी, आणि वरून बटणं लावली. मग मोकळा हात मला दिला.

उर्कियाच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. दुर्वाला एर्रामुनीनं तासभर पोटाशीच ठेवलं. माझं गरम दूध पिऊन झाल्यावर तिला माझ्याकडे दिलं. तोवर तिचे ओठ पुन्हा तिचे झाले होते आणि ती एर्रामुनीच्या गळ्यातली साखळी ओढत होती. जाडसर आवाजाचा तो दुसरा, एर्रामुनीचा दीर, फोन करायला खाली गावात धावला होता. कौस्तुभ गारासीच्या गाडीतून आला, त्याच्यामागोमाग लाल जॅकेटातले दोन डोंगरी पोलीस. ते दोघं दुर्वाला बघून हसले, मला काही प्रश्न विचारले आणि दाराशी उभ्यानं कॉफी पिऊन गेले. कौस्तुभ माझ्या ओल्या केसांतून नेच्याची पानं काढत बसला.

"हिला कसं कळलं?" मी गारासीला विचारलं.

"ती तुमच्याकडे सूप घेऊन आली. बाळाची गाडी जागेवर, तुम्ही दोघी नाही, आणि बाहेर धुकं."

"पण ती का आली शोधायला? पोलिसांना सांगायचं."

"उर्किया हे लिसारेताचं पहिलं शेजारघर. तुमच्या घरी मूल झालं, कुणी गेलं, आग लागली तर आधी धावायचं उर्कियानं. कायद्यात नाही हे. पोलिसांच्या आधीपासूनचं आहे. लिसारेतात कोण राहतं, कुठल्या देशाचं, याच्याशी त्याचा संबंध नाही. ती रोज येऊन जाते ना? ते बघायलाच येते, सगळं ठीक आहे का म्हणून."

एर्रामुनीनं गारासीच्या बाहीला ओढलं. तिचा आवाज पार गेला होता. ती गारासीच्या कानाशी फुसफुसली.

"ती विचारतेय, डोंगरात हाक द्यायची आमची ही रीत आहे, इर्रिंत्सी म्हणतात. एका दरीतून दुसऱ्या दरीत जाते. इतक्या वेळा दिली. तुला ऐकू आली नाही का?"

"आली."

"मग?"

मी सांगितलं. तीन हाकांचं, नावाचं, ओ न देण्याचं. सांगताना मला लाज वाटत होती, गारासी हसेल असं वाटत होतं. गारासीनं तिच्या भाषेत सगळं सांगितलं. एर्रामुनी हसली नाही. तिनं मान हलवली, जणू हे कुणालाही पटण्यासारखंच आहे. मग पुन्हा फुसफुसली.

"ती म्हणते, तुझं नाव तिला माहीत नाही. म्हणून नावानं हाक मारता आली नाही."

चार महिने ती रोज माझ्या घरात येत होती.

"हेमांगी," मी म्हटलं.

एर्रामुनीनं ओठ हलवले. आवाज नव्हताच. पण तिनं तीनदा हलवले, आणि तिसऱ्यांदा ते बरोबर जुळले. मी ओ दिली. माझाही आवाज नव्हताच.

मग घरी जायचं म्हणून दुर्वाला कोरडे कपडे घालत होते. पायजमा बदलताना कौस्तुभ वाकला.

"हे काय लागलं तिला? पडली का?"

गोऱ्या मांडीवर काळानिळा डाग होता, मध्ये माझ्या नखांच्या दोन चंद्रकोरी.

"मी चिमटा काढला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला काही कळत नव्हतं. तो डागावरून बोट फिरवत होता, अगदी हलकं, आणि दुर्वा गुदगुल्या झाल्यासारखी पाय झाडत होती.

"एवढा? रडेपर्यंत?"

"नाही रे," मी म्हटलं. "कुणाला तरी ऐकू जाईपर्यंत."